चव जाते ती नाकातून

व्हेप म्हणजे ई-सिगारेट ओढणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली आहे. आंबा, पुदिना, कलिंगड यांपैकी एखादा फ्लेवर काही दिवस सतत ओढला की पुढे नुसती वाफ येते, घशाला तिची धार लागते, पण चव म्हणून काही लागत नाही. कधीकधी जेवणही बेचव वाटतं. काही तासांत, फार तर आठवड्या-दोन आठवड्यांत हे आपोआप ओसरतं, म्हणून त्याला कुणी आजार म्हणत नाही. उपाय तोंडोतोंडी फिरतात: पाणी जास्त पी, जीभ घास, लिंबू चोख, कॉफी हुंग, फ्लेवर बदल, मेन्थॉलवर ये. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात ही तक्रार उघडपणे मांडली जाणं अवघडच, कारण १८ सप्टेंबर २०१९ च्या वटहुकमाने आणि त्याच वर्षी डिसेंबरात आलेल्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठवण, जाहिरात असं सगळंच देशभर बंद झालं. तरी माल येतो, पकडला जातो, पुन्हा येतो. अशा वेळी चव जाण्याच्या प्रश्नाकडे व्यसनाचं किरकोळ दुखणं म्हणून पाहणं सोपं आहे. मला ते चुकीचं वाटतं. चव गेली असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेकदा जीभ बिघडलेली नसते, नाक थकलेलं असतं. आणि या पट्ट्यात नाक थकवणारी आणि बिघडवणारी कारणं इतकी आहेत की व्हेपवर ठपका ठेवून मोकळं होण्यात खरा दोषी निसटण्याचा धोका आहे. फ्लेवर परत कसा आणायचा हा प्रश्न म्हणूनच दुय्यम. तो गेला कशाने आणि त्याच्याबरोबर आणखी काय गेलं, हे आधी विचारायला हवं.

जिभेला मोजकंच कळतं. गोड, आंबट, खारट, कडू आणि मटणाच्या रश्शात किंवा पिकलेल्या टोमॅटोत असते ती 'उमामी', एवढ्या पाच चवी. तोंडातला आंबा हा आंबा आहे आणि फणस नाही, हे ती सांगू शकत नाही. घास चावताना त्यातली बाष्पं घशामागून वर चढून नाकाच्या छताशी असलेल्या गंधपेशींपर्यंत पोहोचतात आणि मेंदू तो वास जिभेवरच्या गोडीशी जोडून आंब्याची चव तयार करतो. हे कुणालाही पडताळता येतं. नाक चिमटीत घट्ट धरून बडीशेप चावली तर थोडा गोडवा आणि चोथा एवढंच जाणवतं. चिमटी सोडून श्वास बाहेर टाकला की बडीशेप एकदम लागते. व्हेपच्या बाबतीत हे आणखीच खरं आहे. त्याच्या द्रवात प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन हे वाफ करणारे मूळ पदार्थ, बहुधा निकोटीन आणि वासाची रसायनं असतात. मूळ पदार्थ स्वतः किंचित गोडसर, काही मालात वरून सुक्रालोज घातलेलं. बाकी व्हॅनिला म्हणजे व्हॅनिलिन, चेरी-बदाम म्हणजे बेन्झाल्डिहाइड, जळत्या साखरेचा दरवळ म्हणजे इथाइल माल्टॉल. ज्याला फ्लेवर म्हणून पैसे मोजले जातात, तो जवळजवळ सगळा वासच असतो. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या गंध आणि चव केंद्राने १९९१ मध्ये ७५० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. चव गेल्याची तक्रार घेऊन आलेल्यांपैकी बहुतेकांचा प्रत्यक्षात वास गेलेला असतो, हा त्याचा एक मुख्य निष्कर्ष होता आणि पुढच्या तीन दशकांत तो ढळलेला नाही.

वास टिकून राहिला की नाक त्याची दखल घेणं थांबवतं. पेंट शॉपमध्ये पाऊल टाकताना थिनरचा भपकारा येतो, पाच-दहा मिनिटांनी येत नाही. थिनर हवेत तेवढाच असतो. ही सवय काही मिनिटांची असते तशी दीर्घ मुदतीचीही असते. पामेला डाल्टन आणि चार्ल्स वायसॉकी यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही लोकांच्या राहत्या घरात दोन आठवडे एक ठरावीक वास ठेवला होता. त्या वासापुरती त्यांची संवेदना घटली, आणि वास काढून घेतल्यावरही ती लगेच पूर्ववत झाली नाही. दिवसभर खिशात राहणारा आणि दर काही मिनिटांनी ओढला जाणारा व्हेपचा पॉड हा याच प्रयोगाचा अतिरेकी अवतार मानता येईल. यातला कळीचा भाग असा की सवय निवडक असते. रोज आंबा ओढणाऱ्याला आंबा लागत नाही, पण हिंग-मोहरीची फोडणी लागते, कोथिंबीर लागते, शेजारच्या खोलीतला सुका बोंबील तर लागतोच. असं असेल तर नाक ठीक आहे, फक्त एका वासाला कंटाळलं आहे. फ्लेवरबरोबर फोडणीही गेली असेल, तर मामला सवयीचा नाही. या एका फरकावर पुढचं सगळं अवलंबून आहे, आणि तोंडोतोंडी फिरणाऱ्या उपायांत नेमका हाच फरक कुणी विचारत नाही.

सवयीखेरीज दुसरं कारण कोरडेपणाचं. प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन दोन्ही पाणी ओढून घेणारे पदार्थ आहेत, म्हणून वाफेने तोंड सुकतं. आणि चवीचा कण लाळेत विरघळल्याशिवाय रुचिकलिकेपर्यंत पोहोचत नाही. इथे मात्र जीभ खरोखरच मंदावते. फोर्जिंगच्या भट्टीजवळ एप्रिलात उभं राहणारा, तोंडावर मास्क असलेला, तिसऱ्या पाळीत पाण्याऐवजी चहावर निभावणारा कामगार व्हेप न ओढताही अर्धा कोरडा असतो. निकोटीनचा वाटा वेगळा. ते स्वतः कडू आणि झोंबणारं. सिगारेट ओढणाऱ्यांच्या जिभेवर सौम्य वीजप्रवाह देऊन केलेल्या चाचण्यांत त्यांची चवीची संवेदना मंद आढळली आहे. फ्रान्समधल्या २०१७ सालच्या एका अभ्यासात सिगारेट सोडल्यावर जिभेच्या काही जागांवर ही संवेदना दोन आठवड्यांत सुधारली, तर काही जागांना दोन महिन्यांहून जास्त लागले. पण हे सिगारेटचं झालं. तिच्या धुरात हजारो रसायनं असतात आणि तिचे निष्कर्ष जसेच्या तसे व्हेपला लावणं अप्रामाणिक ठरेल. व्हेप आणि चव यांवरचं थेट संशोधन थोडं आणि अल्प मुदतीचं आहे. पुष्कळसं ज्ञान वापरणाऱ्यांच्या सांगण्यावर उभं आहे. कधीकधी तर जीभही निर्दोष आणि नाकही, बिघडलेलं असतं ते यंत्र. द्रव तापवणाऱ्या कॉइलवर गोड पदार्थांचा थर जळून बसतो, द्रव कमी पडतो, बॅटरी उतरते. जास्त तापलेल्या ग्लिसरीनमधून अॅक्रोलीनसारखा झोंबरा वायू निघतो. तो जळका वास येणारं नाक चोख काम करत आहे, आणि त्याचं ऐकलेलं बरं.

आता उपायांकडे पाहू. पाणी पिणं योग्यच, पण कोरडेपणापुरतं. कॉफीच्या बिया हुंगल्याने नाक कोरी पाटी होतं हा अत्तरविक्रेत्यांकडून आलेला समज आहे. तपासून पाहिलं तेव्हा कॉफीचा वास साध्या हवेपेक्षा सरस ठरला नाही. मेन्थॉलचं काम वेगळ्याच मार्गाने चालतं. थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंना ते चेतवतं, म्हणून काहीतरी लागल्यासारखं वाटतं, पण हरवलेला वास त्याने परत येत नाही. उलट घशाची धार बोथट होऊन झुरका लांबतो. निकोटीनची तीव्रता वाढवणं हा सगळ्यांत वाईट सल्ला. फ्लेवर बदलण्याचा उपाय मात्र लागू पडतो, कारण सवय निवडक असते, आणि तो लागू पडतो म्हणूनच मला खटकतो. दर वेळी नाक कंटाळलं की नवा पॉड विकला जातो. ज्या थकव्याने झुरके कमी व्हायला हवेत, तोच पुढच्या विक्रीचं निमित्त होतो. शिवाय खाण्यासाठी चालणारं वासाचं रसायन फुप्फुसात ओढायला चालतंच असं नाही. अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या जॅस्पर गावी पॉपकॉर्नच्या कारखान्यात काम केलेल्या आठ जणांच्या फुप्फुसांतल्या सूक्ष्म नळ्या कायमच्या आवळल्याचं २००० साली उघड झालं. कारण ठरलं लोण्याचा वास देणारं डायअॅसेटिल, जे खाण्यात निरुपद्रवी मानलं जात होतं. हेच रसायन पुढे व्हेपच्या काही द्रवांतही सापडलं. राहता राहिला एक उपाय, खंड. काही दिवस ओढायचंच नाही. सवय उतरवण्याचा तोच खात्रीचा मार्ग, आणि त्यातून काही विकलं जात नाही.

इथवरचं विवेचन जगात कुठेही लागू पडेल. या पट्ट्यातल्या भोसरी, तळवडे, म्हाळुंगे, निघोजे इथे ते अपुरं पडतं, कारण इथे चव पळवणारे दावेदार बरेच आहेत. पहिला दावेदार तंबाखू, आणि तीही ओढायची नव्हे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत होते. धूर ओढणारे ३.८ टक्केच, खाणारे, चघळणारे, दातांना लावणारे २४.४ टक्के. कारखान्याच्या आवारात आगीच्या भीतीने विडी-सिगारेट चालत नाही, तंबाखू-चुना मात्र ओठाखाली दिसतही नाही. जुलै २०१२ मध्ये राज्याने गुटख्यावर बंदी घातली आणि ती वर्षानुवर्षं वाढवत नेली; त्याच्या जागी मावा आहे, सुगंधी सुपारी आणि तंबाखूच्या जोडपुड्या आहेत. घरोघरी बायकांच्या हातात मिश्री आहे, जिला व्यसन म्हणायला अजून कित्येक घरांची तयारी नसते. व्हेपमध्ये जे तात्पुरतं आणि नाकाचं असतं, ते इथे जिभेचं आणि कायमचं होऊ शकतं. चुन्याने तंबाखूतलं निकोटीन लवकर शोषलं जातं आणि तोंडातलं अस्तरही भाजतं. सुपारीने गालांच्या आतलं अस्तर हळूहळू ताठर होतं. तिखट सोसेनासं होणं ही त्याची अगदी सुरुवातीची खूण, मग तोंड कमी उघडणं, जिभेचा खडबडीतपणा जाऊन ती गुळगुळीत होणं. मिसळ झोंबू लागली म्हणून तर्री सोडणारा मनुष्य स्वतःला वय झालं समजतो. रात्री खोलीवर पॉड आणि दिवसा ओठाखाली तंबाखू असा दुहेरी वापर करणाऱ्याने चव जाण्याचा दोष पॉडला दिला, तर तो सोपा आरोपी निवडतो आणि कर्करोगाकडे नेऊ शकणारा बदल नजरेआड करतो.

दुसरा दावेदार कामाची जागा. क्रोम प्लेटिंगच्या टाकीतून उडणाऱ्या आम्लयुक्त तुषारांनी नाकाच्या आतला पडदा जखमी होतो आणि वर्षानुवर्षांच्या संपर्काने त्याला भोकही पडतं. क्रोमचे व्रण १९४८ च्या कारखाने कायद्यापासून सरकारला कळवण्याच्या आजारांच्या यादीत आहेत, म्हणजे ही माहिती नवी नाही. निकेल-कॅडमियम बॅटरी बनवणाऱ्या कामगारांचा वास मंदावतो हे युरोपात विसाव्या शतकाच्या मध्यालाच नोंदलं गेलं होतं. पेनसिल्व्हेनियाच्याच गटाने १९८९ मध्ये अॅक्रिलेट बाष्पांत काम करणाऱ्यांची गंधक्षमता तपासली, तेव्हा संपर्क जितका जास्त तितकी ती कमी आढळली. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचं वेल्डिंग केलं की काही तासांनी थंडी वाजून ताप येतो, तोंडात धातूची चव राहते, सिगारेट अगदी नको वाटते, आणि दुसऱ्या दिवशी सगळं गायब. या तापाची लकब अशी की सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी तो जास्त गाठतो, कारण रोजच्या संपर्काने आलेली तात्पुरती सहनशक्ती सुट्टीत उतरलेली असते. अशा माणसाला त्या रात्री पॉड बेचव लागला तर पॉडचा त्यात काही संबंध नाही. कामाच्या दिवसांत चव जाते आणि साप्ताहिक सुट्टीत परत येते असा क्रम दिसला, तर खिशातली वस्तू तपासण्याआधी विभागातली एक्झॉस्ट तपासावी.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे: हवेशीर पेंट बूथ, स्वयंचलित रंगकाम, बंद टाक्या असलेल्या आधुनिक कारखान्यांना जुन्या युरोपीय बॅटरी कामगारांच्या रांगेत बसवणं अन्यायाचं आहे. मान्य. पण चाकणच्या मोठ्या असेंब्ली लाइनमागे सुट्या भागांच्या पुरवठादारांची उतरंड आहे, आणि तिच्या तळाशी असलेल्या छोट्या गाळ्यांत प्लेटिंग, ग्राइंडिंग आणि डिग्रीजिंग चालतं. कामगार एका ठेकेदाराकडून दुसऱ्याकडे जातो, तसा त्याचा संपर्क बदलतो आणि त्याची नोंद कुठेच एकत्र राहत नाही. माझं म्हणणं कुणाला दोषी ठरवण्याचं नाही. डॉक्टरने 'व्हेप ओढतोस का' या प्रश्नाबरोबर 'कशावर काम करतोस' हेही विचारावं, एवढंच आहे.

उरलेले दावेदार थोडक्यात. १९९१ च्या त्याच अभ्यासात वास जाण्याची तीन प्रमुख कारणं दिली होती: श्वसनमार्गाचा विषाणुसंसर्ग, डोक्याला मार आणि नाक-सायनसचे जुनाट आजार. पहिल्याची ओळख २०२० मध्ये सगळ्या जगाला झाली. त्या वर्षी जूनमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने चव आणि वास जाणं हे कोविडच्या लक्षणांत घातलं. दुसऱ्यासाठी पुणे-नाशिक रस्त्यावर आणि तळेगाव-चाकण मार्गावर पाळी सुटताना नजर टाकावी. दुचाकीवरून पडताना मेंदू कवटीत हिसका खातो, तेव्हा नाकाच्या छतातल्या चाळणीसारख्या हाडातून जाणारे गंधतंतू तुटू शकतात, कवटीला तडा न जाताही. तिसऱ्याला धूळ आणि दिवाळीनंतरची हवा पुरते. याखेरीज मधुमेहावरचं मेटफॉर्मिन, जुलाबावरचं मेट्रोनिडॅझोल, गजकर्णावरचं टर्बिनाफिन ही सगळी नेहमीची औषधं चव बिघडवतात.

एवढं ऐकून कुणी म्हणेल की आठवड्याभरात आपोआप जाणाऱ्या गोष्टीचा हा फारच मोठा खटाटोप झाला. नाक फक्त जेवणासाठी असतं तर हे मान्य करता आलं असतं. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मर्कॅप्टन मुद्दाम मिसळतात. कुरुळी, खराबवाडी, म्हाळुंगे इथल्या भाड्याच्या खोल्यांत चार-सहा जण एका सिलिंडरवर रांधतात आणि पाळ्यांमुळे कुणी ना कुणी नेहमी झोपलेलं असतं. तिथे नाक हेच गळती शोधण्याचं एकमेव साधन आहे. कारखान्यात सॉल्व्हंटची गळती, तापलेल्या वायरीचं आवरण, जळता पट्टा हे आधी वासानेच कळतात. याची सगळ्यांत भीषण बाजू सांडपाण्याच्या टाक्यांत दिसते. सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड हवेत दहा लाखांत शंभर भागांच्या आसपास गेला की काही मिनिटांत नाक त्याच्यापुरतं बंद पडतं. टाकीत उतरलेल्याला वाटतं वास गेला म्हणजे वायू गेला. व्हेपची सवय आणि हा वायू यांचा जीवशास्त्रीय संबंध जोडण्याचा माझा हेतू नाही. वास येईनासा होणं आणि धोका नसणं या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि औद्योगिक पट्ट्यात त्यांची गल्लत जिवावर बेतते, हे मात्र दोन्हीकडे सारखंच लागू आहे.

याहून वजनदार आक्षेप दुसऱ्या बाजूने येतो. व्हेप सिगारेटपेक्षा कमी घातक आहे. सिगारेट सोडायला निकोटीनच्या च्युइंगगम-पट्ट्यांपेक्षा निकोटीनयुक्त ई-सिगारेटची मदत जास्त होते असा कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेचा निष्कर्ष आहे. तेव्हा फ्लेवर गेला म्हणून माणूस पुन्हा सिगारेटकडे वळण्यापेक्षा त्याला फ्लेवर परत मिळवून देणं हीच आरोग्यसेवा. ब्रिटनमध्ये हा युक्तिवाद मला पटतो. तिथे द्रवातलं निकोटीन मिलिलिटरला २० मिलिग्रॅमवर आणि टाकी २ मिलिलिटरवर बांधलेली आहे, माल सरकारदरबारी नोंदवावा लागतो, आणि तरीही १ जून २०२५ पासून एकदा वापरून फेकायची यंत्रं तिथे बंद करावी लागली. आपल्याकडे माल चोरटा आहे, वेष्टनावरचा आकडा खरा मानायला आधार नाही. अशा साखळीत काय होऊ शकतं ते अमेरिकेने २०१९ मध्ये पाहिलं: फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जणांना फुप्फुसांच्या इजेने रुग्णालयात दाखल व्हावं लागलं किंवा त्यांचा मृत्यू झाला, मृतांची संख्या ६८, मुख्य संशय अनधिकृत गांजा-द्रवांत मिसळलेल्या व्हिटॅमिन ई अॅसिटेटवर होता. आणि ज्या राज्यात ओढणारे ३.८ टक्के आणि चघळणारे २४.४ टक्के, तिथे व्हेप नेमकी कुणाची जागा घेणार? चघळणारा तंबाखू सोडून व्हेपकडे वळतो असं मानायला फारसं कारण दिसत नाही. शक्यता अशी की तो दोन्ही धरतो, किंवा दोन्ही न करणारा तरुण फ्लेवरच्या वाटेने आत येतो. सिगारेट सोडण्यासाठीच जो व्हेपवर आला आहे, त्याची गोष्ट वेगळी. त्याला खंडाच्या दिवसांत एकटं सोडू नये. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन १८००-११-२३५६ अशा वेळी कामी येते.

व्हेपबंदीचा एक दुष्परिणामही मान्य करायला हवा: माणूस डॉक्टरपुढे गप्प बसतो. कायद्यातल्या शिक्षा व्यापारासाठी आहेत. उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात यांना पहिल्या गुन्ह्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि साठवणुकीला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. स्वतः ओढणाऱ्यासाठी वेगळी शिक्षा कायद्याने ठेवलेली नाही. पण कंत्राटी कामगाराला पोलिसापेक्षा ठेकेदाराची भीती जास्त असते, आणि कंपनीच्या दवाखान्यात सांगितलेलं मनुष्यबळ विभागापर्यंत जाईल अशी शंका त्याला येणारच. म्हणून चव गेल्याचा प्रश्न महापालिकेच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात किंवा चिंचवडच्या मोहननगरमधल्या राज्य कामगार विमा रुग्णालयात विचारलेला बरा.

चव गेलेल्या माणसाला स्वतःहून करता येण्यासारखं बरंच आहे, आणि खंडाचे पहिले चार-पाच दिवस त्यासाठीच वापरावेत. मीठ, साखर, लिंबू, कारलं यांचे कण एकेक करून जिभेवर ठेवावेत. हे कळत असतील तर जीभ शाबूत. मग डोळे मिटून हिंग, लवंग, कॉफी, साबण ओळखून पाहावेत. हेही जमलं तर फक्त फ्लेवर गेला होता, आणि तो गेला तर नुकसान कसलंच नाही. याच दिवसांत एक गोष्ट लक्षात येते: आंबा लागत नसतानाही हात खिशाकडे जातो. फ्लेवर हे आकर्षण होतं अशी समजूत असेल तर ती इथे गळून पडते. उरते ती निकोटीनची तलफ. वास दोन आठवड्यांनी परतला नाही, किंवा पदार्थांना भलताच वास येऊ लागला, नाकातून रक्त किंवा खपल्या आल्या, तोंडात पांढरा-लाल चट्टा किंवा न भरणारी जखम दिसली, तीन बोटं उभी धरून तोंडात जाईनाशी झाली, तर घरगुती उपाय थांबवून कान-नाक-घसा किंवा दंततज्ज्ञाकडे जावं. विषाणूनंतर गेलेल्या वासासाठी ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये मांडलेला सराव आता जगभर सुचवला जातो: गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग हे चार वास दिवसातून दोनदा, बारा आठवडे, लक्ष देऊन हुंगायचे. चारही वस्तू निगडीच्या किराणा दुकानातही मिळतात.

कारखान्यांच्या वार्षिक तपासणीत आवाजाच्या विभागात कान तपासतात, धुळीच्या विभागात फुप्फुसं फुंकून पाहतात, फोर्कलिफ्ट चालवणाऱ्याचे डोळे बघतात. नाकाला सहसा कुणी काही विचारत नाही. त्याच चार वासांच्या चार बाटल्या कंपनीच्या परिचारिकेच्या टेबलावर ठेवल्या तर प्रत्येकामागे दोन मिनिटं लागतील. ही चाचणी निदान करणार नाही, ढोबळ गाळणी होईल. पण नोंद विभागवार ठेवली आणि कामगाराच्या नावाला चिकटवली नाही, तर दोन-तीन वर्षांत कुठले विभाग जास्त चुकतात ते दिसेल. जास्त चुकणारे प्लेटिंगवाले निघतात, पेंटवाले निघतात की खोलीवर पॉड ओढणारे, हे मग अंदाजाने सांगावं लागणार नाही.